विगाचं सोडा, बिलबुक दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हेरांच्या मालिकांविषयी लेख आला होता. त्यात 'द अमेरिकन्स'ची बोळवण चार ओळींत केली आहे. लेखकाचे आक्षेप दोन. केसांचा टोप आणि चष्मा चढवला की माणूस ओळखूच येत नाही, हे त्यांना पटत नाही. आणि एफबीआयचा अधिकारी नेमका समोरच्या घरात राहायला येतो, यांच्याशी दोस्ती करतो, तरी वर्षानुवर्षं त्याला काही कळत नाही, हे तर अजिबातच पटत नाही. सबब हेरांची सोंगं लटकी आणि मालिकाही लटकी.

मी ३१ वर्षं लेखापरीक्षण केलं. लोकांनी कागदावर लिहिलेलं खरं आहे का, हे बघण्याचाच पगार घेतला. निवृत्तीनंतर भाचीच्या नादानं ही मालिका सुरू केली आणि ७५ च्या ७५ भाग पाहिले, काही तर दोनदा. माझं म्हणणं एवढंच की लेखकानं आक्षेप भलत्या ठिकाणी घेतले. जे त्यांना अशक्य वाटलं ते घडून गेलेलं आहे, आणि जे खरोखर घडणं कठीण ते त्यांच्या नजरेतून निसटलं. (आमच्या खात्यात नव्या माणसाचं हमखास असंच व्हायचं. खाडाखोड दिसली की तो व्हाउचरवर तुटून पडायचा. खाडाखोड बहुधा घाईतल्या प्रामाणिक कारकुनाची असायची. लबाडाचं व्हाउचर कसं लख्ख असतं.)

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०१३ ते २०१८, सहा पर्वं. कथा १९८१ मध्ये सुरू होते. वॉशिंग्टनजवळच्या उपनगरात फिलिप आणि एलिझाबेथ जेनिंग्ज राहतात. दोन मुलं, गॅरेज असलेलं घर, स्वतःची ट्रॅव्हल एजन्सी. दोघंही केजीबीचे, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याचे, आणि जोडीही केजीबीनंच जुळवलेली. मुलांना याचा पत्ता नाही. मालिकेचे जनक जो वाइसबर्ग स्वतः पूर्वी सीआयएत होते. पहिल्याच भागात स्टॅन बीमन हा एफबीआयचा माणूस समोर राहायला येतो. यापुढे मी शेवटच्या पर्वातल्याही गोष्टी सांगणार आहे, तेव्हा ज्यांना मालिका अजून बघायची आहे त्यांनी पत्र इथेच मिटावं.

आता शेजाऱ्याचं बघू. अल्ब्रेख्त डिट्रिख हा पूर्व जर्मन तरुण १९७८ मध्ये केजीबीसाठी अमेरिकेत उतरला तो जॅक बार्स्की हे नाव घेऊन. ते नाव १९५५ मध्ये दहाव्या वर्षी वारलेल्या, मेरीलँडमध्ये पुरलेल्या एका मुलाचं होतं. हा न्यूयॉर्कमध्ये सायकलवरून टपाल पोचवायचा, मग कॉलेज केलं, मग एका विमा कंपनीत प्रोग्रॅमर झाला. १९८८ मध्ये मॉस्कोनं परत बोलावलं. हा गेला नाही, कारण इथे छोटी मुलगी होती. मला एड्स झालाय, असं त्यानं कळवून टाकलं. पुढे नव्वदच्या दशकात एफबीआयला त्याचा सुगावा लागला. तेव्हा त्यांनी काय केलं असेल? पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या घराशेजारचं घर चक्क विकत घेतलं आणि तिथून नजर ठेवली. मालिकेत जो योगायोग म्हणून येतो आणि आपल्या लेखकाला हसू आणतो, तो इथे सरकारी खर्चानं घडवून आणलेला होता.

लंडनजवळच्या राइस्लिपची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. तिथे पीटर आणि हेलन क्रोगर हे जुन्या पुस्तकांचा व्यापार करणारं जोडपं राहायचं. खरी नावं मॉरिस आणि लोना कोहेन, दोघंही सोव्हिएत हेर. रेडिओ ट्रान्समीटर स्वयंपाकघराच्या फरशीखाली पुरलेला. नोव्हेंबर १९६० मध्ये एमआय-५ ची, म्हणजे हेर पकडणाऱ्या ब्रिटिश खात्याची, माणसं समोरच्या घरी गेली आणि वरच्या मजल्यावरची एक खोली द्याल का, म्हणून विचारलं. त्या घरातली बाई हेलनची मैत्रीण. आता दोन महिने सोंग वठवायचं होतं ते त्या बाईला. हेलन यायची, गप्पा मारून जायची, आणि वरच्या खोलीत पडद्याआड कोणीतरी बसलेलं असायचं. त्या बाईला हे सगळं फार जड गेलं. ७ जानेवारी १९६१ ला अटका झाल्या, तोवर तिनं ते निभावलं मात्र. हेरगिरीचं कसलंही प्रशिक्षण नसलेली साधी गृहिणी, आणि वर्षानुवर्षं मुरलेल्या हेराला तिचा संशय आला नाही. तेव्हा स्टॅनला काही कळत नाही म्हणून त्याला हसण्यात अर्थ नाही. समोरच्या घरातल्या माणसाकडे आपण तपासायला जातो का? आपण बसायला जातो.

२०१० मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरमधलं 'मर्फी' हे रशियन हेरांचं जोडपं पकडलं गेलं, तेव्हा शेजारच्या एका पोरीनं पत्रकारांना सांगितलं की ती बाई हेर असणंच शक्य नाही, तिनं हायड्रेंजियाची झुडपं किती सुंदर वाढवलीत बघा. सगळे या वाक्यावर हसले. मला ते पुराव्याचं वाक्य वाटलं. त्या बाईनं बागेत खरोखर तेवढे तास घातले होते.

मुद्दा तासांचाच आहे. त्याच्याकडे येतेच, पण आधी मार्थाचं सांगून टाकते, कारण लेखात तिचीही टर उडवली आहे. मालिकेत फिलिप 'क्लार्क' बनून एफबीआयच्या कार्यालयातल्या मार्था नावाच्या सेक्रेटरीशी लग्न लावतो. 'इतकी कशी भोळी?' असं लेखकानं विचारलंय. पश्चिम जर्मनीतल्या बॉनच्या परराष्ट्र खात्यातल्या एका सेक्रेटरीशी १९६० मध्ये केजीबीच्या माणसानं असंच ठरवून लग्न केलं. ती नवऱ्यासाठी कागद घरी आणत राहिली. १९६७ मध्ये अटक झाल्यावर तिला कळलं की हे लग्न नेमून दिलेलं काम होतं. तिनं कोठडीत गळफास घेतला. पूर्व जर्मनीचा हेरप्रमुख मार्कुस वोल्फ यानं तर एकट्या राहणाऱ्या सेक्रेटरींसाठी अशा पुरुषांची फौजच तयार केली होती. हे वाचल्यावर मार्थाला हसणं मला जमलं नाही. आणि मार्था भोळी तरी कुठे? क्लार्कचे केस खोटे आहेत हे तिला माहीत असतंच. वय झालेला नवरा टक्कल लपवतोय, अशी ती स्वतःची समजूत घालते. समोरच्याचं खोटं पाहून त्याला आपल्याच मनानं एखादं सौम्य कारण जोडून देणं, हे मी कचेऱ्या-कचेऱ्यांत पाहिलेलं आहे.

टोपांच्या बाबतीत मात्र लेखकाशी मी अर्धी सहमत आहे. अर्धी अशासाठी की टोप चढवल्यानं माणूस वेगळा दिसतो की नाही, हा माझा प्रश्नच नाही. माझा प्रश्न असा : मालिकेत एका माणसाच्या एका आठवड्यात तीन-तीन सोंगं चालतात. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळी नोकरी, वेगळी गाडी, क्लार्कला तर वेगळं घरही. म्हणजे तीन भाड्याच्या पावत्या, तीन विजेची बिलं, तीन ठिकाणी 'परवा कुठे होतास?' या प्रश्नाची तयारी. एक खोटं खातं चालवायला किती मेहनत लागते हे ज्यानं पकडलंय त्याला विचारा. दुसरं उघडलं की पहिल्यात चूक होते. खरे हेर वर्षानुवर्षं एकाच सोंगात राहायचे ते काही आळशीपणानं नव्हे.

आणि उच्चार! लेखकाला हा मुद्दा कसा सुचला नाही याचंच मला नवल वाटतं. फिलिप-एलिझाबेथ रशियात वाढलेले, तरी बोलतात तिथल्याच मातीत जन्मल्यासारखे. स्टॅनला एकदाही एखादा स्वर खटकत नाही. सबंध मालिकेत अविश्वसनीय काय, तर हे. खऱ्या हेरखात्यांना माणसाची जीभ पूर्ण बदलत नाही हे ठाऊक असतं, म्हणून ती माणसाला शक्यतो तिऱ्हाईत देशाचा करून पाठवतात. बॉस्टनजवळ राहणारे आंद्रेई बेझ्रुकोव आणि येलेना वाविलोवा हे 'कॅनेडियन' होते. जर्मनीत २०११ मध्ये सापडलेले 'आन्शलाग' दांपत्य दक्षिण अमेरिकेत जन्मलेले ऑस्ट्रियन म्हणून वावरत होतं. स्लोव्हेनियात सापडलेले 'अर्जेंटिनियन'. बार्स्की सांगायचा की माझी आई जर्मन होती. ब्रुकलिनमध्ये राहणारा सोव्हिएत हेर विल्यम फिशर, ज्याला जग रुडॉल्फ आबेल म्हणून ओळखतं, तो इंग्रजी सफाईनं बोलायचा, कारण त्याचा जन्मच इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा.

या फिशरबद्दल मला, एक निवृत्त बाई म्हणून, विशेष आदर आहे. त्यानं सोंग कुठलं घेतलं? निवृत्त छायाचित्रकाराचं. चित्रकारांच्या इमारतीत एक खोली घेतली आणि खरोखर चित्रं काढत बसला. आजूबाजूच्या तरुण चित्रकारांशी रंगांवर वाद घालायचा. निवृत्त माणसाला कोणी हजेरी मागत नाही, नफा-तोटा विचारत नाही, दुपारी घरी का, असंही म्हणत नाही. हे सोंग कागदोपत्री जवळजवळ बिनतोड होतं. त्याला बुडवलं त्याच्या मदतनीसानं. हा मदतनीस रेनो हायहानेन. त्याला फोटो स्टुडिओ उघडायला पैसे मिळाले होते. त्यानं न्यूअर्कमध्ये गाळा घेतला, काचा आतून रंगवून बंद केल्या, आणि स्टुडिओ कधी उघडलाच नाही. आत दारू आणि बायकोशी भांडणं. शेजारीपाजारी, पोलीस, सगळ्यांचं लक्ष तिकडेच. १९५७ मध्ये त्याला मॉस्कोला परत बोलावलं तेव्हा तो वाटेत पॅरिसमध्ये अमेरिकनांना जाऊन मिळाला आणि फिशर पकडला गेला. एकानं खोट्या धंद्यात खरे तास घातले, दुसऱ्यानं दुकानाची फळीच उघडली नाही.

आता ट्रॅव्हल एजन्सी. सोंग म्हणून ही निवड फार हुशारीची आहे, हे आधी मान्य करते. वेळी-अवेळी फोन, परदेशी पत्रं, अचानक दोन दिवस बाहेरगावी, सगळ्याला एकच उत्तर पुरतं : गिऱ्हाईक. मुलांनाही तेच सांगता येतं. पण मी त्या एजन्सीची तपासणी करायला गेले असते तर?

अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. भाडी सारखी बदलू लागली. पूर्वी छापील दरपत्रक बघून तिकीट देता यायचं. आता प्रत्येक गिऱ्हाइकामागे शोधाशोध, फोनाफोनी. म्हणजे मालिकेचा जो काळ आहे त्यात या धंद्यातलं बैठं काम वाढलेलं होतं. शिवाय त्या दिवसांत कोऱ्या तिकिटांचे गठ्ठे एजन्सीच्या ताब्यात असत. प्रत्येकावर क्रमांक, ठेवायची तिजोरीत, आणि किती विकली त्याचा हिशेब विमान कंपन्यांच्या सामायिक यंत्रणेला ठरल्या दिवशी गेलाच पाहिजे. एक गहाळ झालं तरी जाब द्यावा लागायचा. अशा धंद्याचे दोन्ही मालक दुपारी दोनला खोलीत शिरून दार लावून घेतात, संध्याकाळी गायब, सकाळी डोळे तारवटलेले, आणि धंदा पाच पर्वं सुरळीत! कोण करत होतं ते काम? हिशेबनीस कोण होता? कर भरताना ट्रंकभर बिलं कोणी लावली? मी पहिल्या पर्वापासून त्या हिशेबनिसाची वाट पाहत होते. (भाची म्हणते, 'मावशी, खून पडलाय, तू फाइल काय बघतेस?' पडू दे की. खून पडला तरी महिनाअखेर चुकत नाही.)

खरे हेर कुठे सापडतात ते बघा, म्हणजे माझा हट्ट कळेल. फितुरीनं बरेच सापडतात, ते सोडून देऊ. बाकीचे कागदावर सापडतात. एप्रिल २०१८ मध्ये हेगमध्ये रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याचे चार जण डच अधिकाऱ्यांनी पकडले. रासायनिक शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेशेजारच्या हॉटेलबाहेर, गाडीत वायफाय फोडायची सामग्री. यातल्या दोघांच्या पासपोर्टचे क्रमांक लागोपाठचे. आणि एकाच्या खिशात टॅक्सीची पावती. कुठून कुठे? मॉस्कोतल्या त्यांच्या खात्याच्या बराकीच्या गल्लीपासून शेरेमेत्येवो विमानतळापर्यंत! ही बातमी वाचली त्या दिवशी मी मोठ्यानं हसले. हा माणूस घातपाती असेल, संगणकतज्ज्ञ असेल, पण त्याच्या डोक्यात परत गेल्यावर भरायचं प्रवासभत्त्याचं बिल होतं. जगातला कुठलाही सरकारी नोकर टॅक्सीची पावती फेकत नाही. मालिकेत कधीतरी फिलिपनं टोपाच्या दुकानाची पावती मॉस्कोला पाठवलेली दाखवली असती, तर मी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. माँटक्लेअरच्या जोडप्याचा तर मॉस्कोशी घराच्या मालकीवरून पत्रव्यवहार झाला होता, घर कोणाच्या नावावर असावं यावरून. तोही एफबीआयनं वाचला.

क्रमांकांवरून आठवलं. एका कचेरीच्या तपासणीत (नाव सांगत नाही) स्टेशनरीच्या एका पुरवठादाराची बिलं होती. आठ महिने, दर महिन्याला एक. सुबक छापील कागद, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. बिलांचे क्रमांक ४१, ४२, ४३ असे थेट ४८ पर्यंत. एवढ्यावरच प्रकरण फुटलं. कारण आठ महिन्यांत या दुकानदारानं या कचेरीखेरीज एकाही गिऱ्हाइकाला बिल दिलेलं नव्हतं. दुकान नव्हतंच. एक बिलबुक होतं आणि ते कचेरीतल्याच एकाच्या खणात होतं.

म्हणून २०२२ मध्ये बाहेर आलेली नेपल्सची कथा वाचताना मला घरचंच काही वाचतेय असं वाटलं. 'मारिया आदेला' नावाची, पेरूत जन्मलेली म्हणवणारी एक दागिने घडवणारी बाई. नेपल्समध्ये नाटोच्या कमांडचं मुख्यालय आहे, तिथल्या अधिकाऱ्यांच्या वर्तुळात तिची चांगली ऊठबस. हसतमुख, मैत्रिणी जोडणारी. पण पेरूचं नागरिकत्व मिळवण्याचा तिचा प्रयत्न पूर्वीच फसलेला होता. तिनं दाखवलेला बाप्तिस्म्याचा दाखला १९७८ चा आणि तो ज्या चर्चचा, ते सुरू झालं १९८७ मध्ये. नऊ वर्षं आधीच दाखला! मग तिनं रशियन पासपोर्टवर काम चालवलं. त्याचा क्रमांक त्याच गठ्ठ्यातला निघाला, ज्यातून लष्करी हेरखात्याच्या इतर माणसांना पासपोर्ट मिळाले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये या क्रमांकांविषयी पहिली बातमी छापून आली आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी मॉस्कोचं विमान पकडलं. तिची बोलण्याची लकब किंवा चेहरा यांवर कोणालाही शंका आलेली नव्हती. ४१, ४२, ४३.

अमेरिकनांनीही यात काही कमी केलेलं नाही. सीआयएच्या व्हॅलरी प्लेम यांचं नाव २००३ मध्ये वृत्तपत्रातून फुटलं. मग त्यांच्या आडोशाची कंपनीही उघडी पडली, कशी, तर १९९९ मध्ये त्यांनी अल गोर यांच्या प्रचाराला हजार डॉलरची देणगी दिली होती आणि नियमाप्रमाणे देणगीदाराच्या नोकरीच्या रकान्यात त्या कंपनीचं नाव लिहिलं होतं. सार्वजनिक नोंदीत ते पडून होतं. रकाना रिकामा ठेवता येत नाही, हे सोंग रचणारा विसरला. बार्स्कीचंही तेच. तो अमेरिकन पासपोर्ट काढायला गेला तेव्हा जास्तीचा एक फॉर्म समोर आला, शाळा कुठली वगैरे विचारणारा. यानं कारकुनावर चिडल्याचं नाटक केलं, कागद उचलले आणि काढता पाय घेतला. शीतयुद्धातल्या एका महासत्तेची मोहीम एका कारकुनाच्या फॉर्मपुढे अडली. त्या कारकुनाला बिचाऱ्याला हे कधी कळलं असेल का?

उलट बाजूही सांगायला हवी. काही सोंगं इतकी खरी झाली की त्यांनी पैसे मिळवले. दुसऱ्या महायुद्धात लेओपोल्ड ट्रेपर सोव्हिएत संघासाठी काम करायचा. आधी ब्रसेल्समध्ये रेनकोटची कंपनी (हेरांनी रेनकोट विकावेत!), मग पॅरिसमध्ये 'सिमेक्स'. या सिमेक्सची मोठी गिऱ्हाइकं कोण? खुद्द जर्मनांची बांधकाम यंत्रणा, ऑर्गनायझेशन टोट. नाझींना माल विकून, नफा कमवून, त्यातून नाझींविरुद्धची हेरगिरी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या मोसाद या हेरखात्यानं सुदानच्या किनाऱ्यावर अरूस इथे समुद्रात बुड्या मारणाऱ्यांसाठी पर्यटनस्थळ थाटलं, इथिओपियातल्या ज्यूंना गुपचूप बाहेर काढण्यासाठी. युरोपात त्याची माहितीपत्रकं वाटली. खरे पर्यटक येऊ लागले, त्यांना खरोखर बुड्या मारायला शिकवावं लागलं, आणि जागा स्वतःचा खर्च भागवू लागली. दिवसा पर्यटकांची सरबराई, रात्री दुसरं काम. याला मी सोंग म्हणते.

आणि इथेच मालिकेनं शेवटी मला गप्प केलं. पाच पर्वं मी ज्याची वाट पाहत होते ते सहाव्यात आलं. फिलिप हेरगिरी सोडतो आणि फक्त एजन्सी चालवतो. मोठं कार्यालय, जास्त माणसं, भिंतीवर घोषवाक्यं. आणि धंदा बुडू लागतो. कर्ज होतं, मुलाच्या वसतिगृहाच्या शाळेची फी भरता येत नाही. वीस वर्षं खुनाला न डगमगलेला माणूस बँकेच्या आकड्यांपुढे हातपाय गाळतो. किती खरं आहे हे! जोपर्यंत धंदा हे सोंग होतं तोपर्यंत चाललं. तो खरा झाल्याबरोबर त्याला खऱ्या धंद्याचे नियम लागू झाले. आपल्या लेखकानं या पर्वाला 'संथ' म्हटलंय.

त्याच पर्वात एजन्सीतला स्टॅवोस नावाचा जुना नोकर आहे. पैसे नाहीत म्हणून फिलिप त्याला काढून टाकतो. मग तो सांगतो की मागच्या खोलीत काहीतरी चालतं हे मला सुरुवातीपासून माहीत होतं, मी कधी पोलिसांकडे गेलो नाही. मला तो प्रसंग पुन्हा लावून बघावा लागला. एफबीआयचा समोरचा अधिकारी, त्याचं प्रशिक्षण, त्याची यंत्रणा एकीकडे, आणि तिकिटं फाडणारा हा कारकून दुसरीकडे. याला कळलेलं होतं. कळणारच. मालक कामाच्या वेळी कुठे असतात हे नोकराइतकं कोणाला माहीत? मी ज्या हिशेबनिसाला शोधत होते तो हाच. तो बोलला नाही, कारण त्याला चांगली नोकरी होती आणि मालक सज्जन वाटत होते.

मुलांचं मात्र मालिकेनं जरा सोपं केलं, असं वाटतं. थोरल्या पेजला तिसऱ्या पर्वात सगळं सांगतात आणि मग चर्चाच चर्चा. ऑगस्ट २०२४ मध्ये रशिया आणि पाश्चात्त्य देशांत कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा स्लोव्हेनियातून सुटलेल्या त्या 'अर्जेंटिनियन' जोडप्याच्या मुलांना आपण रशियन आहोत हे विमानात बसल्यावर कळलं. मॉस्कोच्या धावपट्टीवर पुतिन यांनी त्यांना स्पॅनिशमध्ये शुभ रात्री म्हटलं, कारण मुलांना रशियन येतच नव्हतं. या प्रसंगावर मी काही लिहू शकत नाही. आईवडिलांचं नाव, आडनाव, भाषा आणि गाव एवढे सगळे रकाने एका उड्डाणात खोडले गेले.

भाचीनं शेवटचा भाग संपल्यावर विचारलं, 'मावशी, तू गेली असतीस त्यांच्या एजन्सीत, तर पकडलं असतंस ना?' मी तोऱ्यात 'हो' म्हणणार होते. मग ते ४१ ते ४८ आठवलं. मघाशी मी लिहिलं की एका कचेरीच्या तपासणीत हे सापडलं. ते शब्द मी मुद्दाम तसे ठेवले. सापडलं ते माझ्या हाताखाली नव्यानं आलेल्या मुलाला, दुसऱ्या वर्षी. त्यानं जुन्या वर्षाची फाइल सहज चाळायला घेतली आणि बिलं क्रमानं लावली. पहिल्या वर्षी ती फाइल मी तपासली होती. कचेरीतला तो गृहस्थ फार अदबीनं वागायचा, मागेन तो कागद पाच मिनिटांत आणायचा, माझ्या आईच्या आजारपणाची आठवणीनं चौकशी करायचा. त्या आठही बिलांवर हिरव्या शाईत बरोबरची खूण आहे आणि खाली माझी सही. एजन्सीत फिलिपनं बसायला खुर्ची दिली असती, आई कशी आहे विचारलं असतं, आणि मी 'आक्षेप नाही' असा शेरा मारून उठले असते.

कळावे.

आपली,
एक निवृत्त लेखापरीक्षक